परिचारिकेच्या हातचे माप

रुग्णाची शुश्रूषा हा दयाधर्म आहे, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे, आणि ती खोटीही नाही. तथापि केवळ दयेने रोगी वाचत नाही. कोणत्या उपचाराने किती रोगी बरे झाले, कोणत्या हयगयीने किती दगावले, याची नोंद कोणीतरी ठेवावी लागते. ती नोंद ठेवून तिच्यापासून बोध घेणे, आणि त्या बोधानुसार उद्याचे काम बदलणे, यालाच परिचर्येतील संशोधन म्हणतात. या शास्त्राचा पाया परदेशी घातला गेला असला, तरी त्याचे एक मोलाचे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत लिहिले गेले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रारंभ अर्थातच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून करावा लागतो. हाती दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमधून फिरणारी साध्वी हे त्यांचे चित्र शाळेच्या क्रमिक पुस्तकांनी घरोघर पोहोचविले. त्यांच्या दुसऱ्या हातात आकडेवारीची वही होती, हे मात्र त्या चित्रात दिसत नाही. 1854 साली त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारीत तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा 42 पर्यंत चढले होते. मार्चमध्ये आरोग्य समितीने गटारे साफ करविली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा 2 वर आले. युद्ध संपल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने बाईंनी सारे आकडे मांडले, तेव्हा कळून चुकले की शत्रूच्या गोळीपेक्षा घाणीने अधिक शिपाई मारले होते. 1858 साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

पुढे त्यांची दृष्टी बाळंतिणीच्या खोलीकडे वळली. त्यांच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुइणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष चालत असे. सूतिकाज्वराने तेथे इतक्या स्त्रिया दगावल्या की तो बंद करावा लागला. दुसऱ्या कोणी दैवाला बोल लावला असता. बाईंनी मात्र ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांचे आकडे गोळा केले आणि 1871 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या काळच्या गर्दीच्या प्रसूतिगृहांपेक्षा घरी बाळंत होणारी स्त्री अधिक सुरक्षित होती, असा त्यांतून निष्कर्ष निघाला. अपयशाची नोंद लपवू नये, तीच शिकविते, हा धडा त्यांनी घालून दिला.

यानंतर बराच काळ परिचारिकांविषयीचे संशोधन बहुतांशी त्यांच्या शिक्षणापुरते व कामाच्या तासांपुरतेच राहिले. 1952 साली अमेरिकेत परिचर्या-संशोधनाला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिक निघाले, आणि हळूहळू प्रश्नाचा रोख रुग्णाच्या खाटेकडे वळला.

आता बेळगावकडे येऊ. शहराच्या पश्चिमेस बेळगुंदीसारखी गावे आहेत. उत्तरेस निपाणीच्या तंबाखूच्या शेतांपर्यंत मराठी-कानडीचा संमिश्र मुलूख पसरला आहे. या भागातील कोणत्याही घरी जुन्या बाईमाणसाला विचारले, तर ‘अंगावरून फार गेले’ या तीन शब्दांचा अर्थ ती जाणते. मूल जन्मून वार पडल्यावर गर्भाशय आवळून धरले गेले पाहिजे. ते सैल राहिले तर रक्त थांबत नाही, आणि धडधाकट स्त्री काही तासांत हातची जाते. रक्त थांबविणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन होते. पण त्याला थंडावा हवा, सुई हवी आणि ती टोचणारे शिकलेले माणूस हवे. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात हे तिन्ही एका वेळी मिळणे कठीण असे.

1963 साली स्थापन झालेल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील संशोधकांच्या सहकार्याने हा प्रश्न हाती घेतला. सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 या काळात जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात 1620 स्त्रियांवर प्रयोग झाला. निम्म्यांना बाळ जन्मताच 600 मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, तर निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. प्रयोगाची आखणी वैद्यांची व संख्याशास्त्रज्ञांची होती. गोळी देणारे आणि माप वाचणारे हात मात्र गावोगावच्या सहायक परिचारिका-प्रसाविकांचे होते.

मापाची गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. किती रक्त गेले हे तोवर नजरेने ठरत असे. चादर किती भिजली यावरून अंदाज बांधला जाई. बेळगावात यासाठी प्लास्टिकची एक चादर तयार करण्यात आली. ती बाळंतिणीच्या खाली पसरावयाची. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी, आणि पिशवीवर मापाच्या रेघा. हे माप नजरेच्या अंदाजाशी ताडून पाहिले, तेव्हा अंदाज सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरतो असे आढळले. अनुभवी डोळ्यालाही धोका उशिराच दिसत होता!

प्रयोगाचा निष्कर्ष 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. अर्धा लिटर वा अधिक रक्त जाण्याचे प्रमाण शेकडा 12 वरून 6.4 वर आले. लिटरभर वा अधिक जाण्याचे 1.2 वरून 0.2 वर. थंडी वाजणे व ताप येणे हा त्रास काही स्त्रियांना झाला, पण तो तात्पुरता होता. प्रत्येक 18 स्त्रियांमागे एकीचा अतिरक्तस्राव टळला. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. ऑक्सिटोसिन हाताशी असेल तेथे पहिला मान त्याचाच. ते नसेल तेथे ही गोळी, असा नियम ठरला.

मापाच्या चादरीचा प्रवास याहून लांबचा झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व तांझानिया येथील 80 रुग्णालयांतील प्रयोगाचा वृत्तांत 2023 साली आला. त्यात मापाची चादर आणि रक्तस्राव ध्यानी येताच एकाच वेळी करावयाचे सारे उपचार यांची जोड घातली होती. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या जेमतेम निम्म्याच स्त्रिया वेळीच ओळखल्या जात होत्या. नव्या पद्धतीत शंभरातील 93 ओळखल्या गेल्या, आणि गंभीर परिणामांचे प्रमाण शेकडा 60 नी घटले.

यातून निघणारा अर्थ साधा आहे. संशोधन म्हणजे मोठ्या शहरातील प्रयोगशाळा आणि दुर्बोध ग्रंथ, अशी समजूत करून घेऊन खेड्यातील परिचारिकेने आपले काम गौण मानू नये. जेथे मृत्यू घडतो तेथेच त्याचे कारणही सापडते, आणि तेथे अखेरपर्यंत उभी असते ती परिचारिका. तिने पाहिले पण लिहिले नाही, तर तिचा अनुभव तिच्याबरोबरच संपतो; लिहिले पण कोणी वाचले नाही, तर पुढची बाळंतीण त्याच वाटेने जाते. म्हणून तिच्या हाती मापाचे साधन देणे, तिच्या नोंदीला वैद्याच्या मताइतकाच मान देणे आणि त्या नोंदीप्रमाणे नियम बदलणे, ही तिन्ही कामे शासनाची, रुग्णालयांची आणि समाजाची आहेत. दया परिचारिकेपाशी पूर्वीही होती; मापाची जोड मिळाली तेव्हा ती अधिक प्राण वाचवू लागली.