विद्यापीठ विभागातील कर्मचारी : सेवानियम व साहाय्य

महाराष्ट्रातील अकृषी सार्वजनिक विद्यापीठांच्या शैक्षणिक विभागांत काम करणारे अध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांची नेमणूक, वेतन, रजा, बढती, तक्रारनिवारण व निवृत्ती यांविषयीचे नियम, तसेच अडीअडचणीच्या वेळी त्यांना मिळणारे साहाय्य, हा या नोंदीचा विषय आहे. विभाग म्हणजे येथे विद्यापीठाच्या आवारातील रसायनशास्त्र, इतिहास, मराठी यांसारखा पदव्युत्तर विभाग. त्यात प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व सहायक प्राध्यापक असतात. त्यांच्याखेरीज कार्यालयात लिपिक व शिपाई, तर विज्ञान विभागांत प्रयोगशाळा साहाय्यक, प्रयोगशाळा परिचर, तंत्रज्ञ आणि भांडारपाल असतात. विद्यापीठाविषयी लिहिताना ही दुसरी मंडळी बहुधा वगळली जातात. विभागाचे दार सकाळी उघडण्यापासून परीक्षेच्या उत्तरपत्रिका सीलबंद करण्यापर्यंतची कामे मात्र त्यांच्यावरच अवलंबून असतात.

नियमांची घडण : मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये, नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये आणि पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले. ही विद्यापीठे दीर्घकाळ आपापल्या कायद्यांनुसार आणि परिनियमांनुसार चालत होती. १९७४ मध्येही मुंबई, पुणे, शिवाजी अशा विद्यापीठांसाठी वेगवेगळे अधिनियम झाले. सर्वांना समान असा कायदा १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियमाने आला. त्याची जागा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने घेतली असून तो १ मार्च २०१७ पासून अंमलात आहे. शिक्षकेतरांच्या सेवाशर्ती त्याआधीच, १९८४ मध्ये, प्रमाण संहितेच्या नियमांनी एकसारख्या झाल्या होत्या. कर्मचारी आजही त्या नियमांना ‘स्टँडर्ड कोड’ म्हणतात. अध्यापकांची अर्हता, कार्यभार व बढती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांवरून ठरते. सध्याचे विनियम जुलै २०१८ चे आहेत. रजा, निवृत्तिवेतन व सेवेच्या सर्वसाधारण शर्ती यांबाबत राज्याच्या नागरी सेवा नियमांचा आधार घेतला जातो. याचा परिणाम असा की एकाच खोलीत शेजारी बसणाऱ्या दोन माणसांना नियमांच्या दोन निरनिराळ्या संचांनुसार रजा मिळते, आणि हे दोन्ही संच सांभाळण्याचे काम मात्र एकाच लिपिकाकडे असते.

सेवापुस्तक : कायम कर्मचाऱ्याचे सारे हक्क अखेर सेवापुस्तकावर येऊन थांबतात. नियुक्तीचा आदेश, जन्मतारीख, शैक्षणिक अर्हता, जात प्रवर्ग, प्रत्येक वेतनवाढ, वेतननिश्चिती, रजेचा लेखा, कुटुंबीयांचे नामनिर्देशन, घोषित स्वग्राम या साऱ्याची नोंद त्यात होते. दरवर्षी सेवेची पडताळणी करून कार्यालयप्रमुखाने त्यावर सही करायची असते. नोंदी पाहून कर्मचाऱ्यानेही सही करायची असते. मूळ पुस्तक कार्यालयात राहते आणि दुय्यम प्रत कर्मचाऱ्याला मिळते, अशी नियमांत तरतूद आहे. जन्मतारीख चुकीची नोंदली गेली असेल, तर सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. त्यानंतर दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते.

हे काम कंटाळवाणे वाटते, म्हणून ते मागे पडते. पाच-सात वर्षांची पडताळणी राहून गेलेली असते. मध्येच झालेल्या बदलीचा आदेश चिकटवलेला नसतो. लग्नानंतर बदललेले नाव नोंदवायचे राहून जाते. एरवी या त्रुटींची झळ कोणाला लागत नाही. सातव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीसारखा प्रसंग आला, की उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयातून पुस्तक आक्षेपांसह परत येते. तेव्हा वीस वर्षांपूर्वीचा कागद शोधण्याची पाळी त्या कर्मचाऱ्यावर येते. वेतनदेयके आता सेवार्थ या संगणकीय प्रणालीतून निघतात, तरी सेवेचा मूळ पुरावा अजून कागदीच आहे. विभागाला आपल्या माणसांसाठी खरोखर काही करायचे असेल, तर सुरुवात दरवर्षी वेळेवर होणाऱ्या या पडताळणीपासून करावी.

विभागप्रमुखाची भूमिका येथे निर्णायक ठरते. हे पद बहुतेक ठिकाणी ज्येष्ठतेच्या क्रमाने ठरावीक मुदतीसाठी मिळते. म्हणजे काल वर्गात शिकवणारा अध्यापक आज रजा मंजूर करतो, गोपनीय अहवाल लिहितो, दोन कर्मचाऱ्यांतला वाद मिटवतो. या कामाचे शिक्षण त्याला क्वचितच मिळालेले असते. टिपणी कशी लिहायची, कोणता अर्ज आस्थापना विभागाकडे जातो आणि कोणता वित्त विभागाकडे, हे त्याला कार्यालयातल्या जुन्या लिपिकाकडूनच शिकावे लागते.

रजा व कामाचे तास : कार्यालयीन कर्मचाऱ्याला वर्षाला ८ नैमित्तिक रजा, ३० दिवस अर्जित रजा आणि २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. अर्जित रजा १ जानेवारी व १ जुलैला १५-१५ दिवसांनी खात्यात जमा होते. ती ३०० दिवसांपर्यंत साठते व निवृत्तीच्या वेळी तिचे रोखीकरण होते. अध्यापकांना उन्हाळी व दिवाळीची दीर्घ सुटी असल्याने त्यांची अर्जित रजा वेगळ्या हिशेबाने निघते. सुटीत कामावर बोलावले, तर त्या दिवसांच्या एक तृतीयांश रजा मिळते. त्यासाठी बोलावल्याचा लेखी आदेश लागतो. प्रवेश किंवा मूल्यांकनाच्या घाईत तोंडी निरोप देऊन भागवले जाते आणि ती रजा हातची जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांचा १४ तास आहे. संशोधनासाठी अध्ययन रजाही मिळू शकते.

प्रसूती रजा १८० दिवसांची आहे. बालसंगोपन रजेबाबत मात्र २०१८ या एकाच वर्षात दोन निरनिराळे आकडे आले. आयोगाने अध्यापिकांसाठी २ वर्षांपर्यंतची तरतूद ठेवली, तर राज्य शासनाने आपल्या निर्णयात संपूर्ण सेवेसाठी १८० दिवस ठरवले. राज्याच्या निर्णयात एक चांगली बाब आहे. पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल, तर पुरुष कर्मचाऱ्यालाही ही रजा देता येते.

बढती : अध्यापकांची बढती कारकीर्द प्रगती योजनेतून होते. पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला पहिल्या टप्प्यासाठी ४ वर्षे, एम.फिल. असल्यास ५ आणि दोन्ही नसल्यास ६ वर्षे सेवा लागते. शिक्षकेतरांसाठी वरची पदे थोडी असतात. प्रयोगशाळा परिचर म्हणून लागलेला माणूस त्याच टेबलाशी निवृत्त होणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. ही कोंडी फोडण्यासाठी राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आश्वासित प्रगती योजना आणली. तिच्या सुधारित रूपात १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते. विद्यापीठांतील शिक्षकेतरांना तिचा लाभ मिळावा, हा दीर्घकाळ संघर्षाचा विषय राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरातील विद्यापीठे व महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. त्या आंदोलनात या योजनेसह रिक्त पदे आणि जुनी पेन्शन याही मागण्या होत्या.

सेवापुस्तकाबाहेरचे कर्मचारी : विभागातील मंजूर पदांची संख्या शासनाच्या आकृतिबंधाने ठरते. निवृत्तीने रिकामे झालेले पद भरायला परवानगी लागते आणि ती यायला वर्षे जातात. दरम्यान काम तर थांबत नाही. मग तासिका तत्त्वावरचे अध्यापक, अकरा महिन्यांच्या करारावरचे साहाय्यक, संशोधन प्रकल्पातून मानधन घेणारे तंत्रज्ञ आणि ठेकेदारामार्फत आलेले सफाई कामगार व पहारेकरी यांच्यावर विभाग चालतो. एकूण अध्यापक पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नेमणुका कंत्राटी असू नयेत, असे आयोगाचे २०१८ चे विनियम सांगतात. तासिकांच्या अध्यापकाला सुटीच्या महिन्यांत काहीच मिळत नाही. आजारपणात गेलेल्या तासिकेचे पैसेही मिळत नाहीत. तोच विषय, तोच वर्ग, तीच नेट-सेटची पात्रता असूनही त्याच्या नावाचे सेवापुस्तक नसते, म्हणून वर सांगितलेली जवळजवळ कोणतीही गोष्ट त्याला लागू होत नाही. ही विद्यापीठीय व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे. नियमांत आणखी सवलती घालून ती भरून निघणार नाही, कारण त्या सवलतींचा लाभ घेण्यासाठी लागणारे पदच त्याच्याकडे नसते.

न्यायालयांनी या प्रश्नावर अनेकदा भाष्य केले आहे. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी ठरवले, की केवळ दीर्घकाळ तात्पुरते काम केल्याने कायमपणाचा हक्क मिळत नाही. त्यानंतर बरीच वर्षे प्रशासनाने याच निकालाकडे बोट दाखवून अर्ज फेटाळले. मात्र २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजितसिंग या खटल्यात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू झाले. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाईचे व बागेचे काम करणाऱ्यांना कायम करण्याचा आदेश झाला. उमादेवी निकालाचा आधार घेऊन दीर्घ सेवेच्या कामगारांची पिळवणूक करता येणार नाही, अशी भूमिका त्यात न्यायालयाने घेतली. प्रसूतीच्या लाभाबाबत तर २००० मध्येच दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील महिला कामगारांच्या बाजूने निर्णय झाला होता. करारावरील अध्यापिकेला ‘नियमात बसत नाही’ असे उत्तर देण्यापूर्वी आस्थापना विभागाने हे निर्णय वाचायला हवेत.

तक्रार व संरक्षण : कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कायम आणि तात्पुरते असा भेद करत नाही. रोजंदारीवरील, कंत्राटी व प्रशिक्षणार्थी स्त्रियांनाही त्याचे संरक्षण आहे. त्याआधी १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालातील मार्गदर्शक तत्त्वे लागू होती. अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निम्मे तरी सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा, असे बंधन आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. समितीने चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते. विभागाच्या फलकावर समितीच्या सदस्यांची नावे लावणे हे त्यातले सर्वांत सोपे काम आहे, आणि ते झालेले नसेल तर बाकीचेही झालेले नसण्याची शक्यता बरीच असते.

सेवाविषयक तक्रारींसाठी २०१६ च्या विद्यापीठे अधिनियमात तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाल्यास विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. ही मुदत ठाऊक नसल्याने ती हुकते. म्हणून संघटनेच्या कार्यकर्त्याचा सल्ला पुष्कळदा वकिलाच्या आधी उपयोगी पडतो.

प्रयोगशाळेतली सुरक्षितता हाही कर्मचारीधोरणाचा भाग आहे, पण त्याकडे क्वचितच तसे पाहिले जाते. आम्लाच्या बाटल्या उचलणारा, काचेची भांडी धुणारा, वायूचे सिलिंडर जोडणारा परिचर दिवसभर रसायनांच्या वाफेत असतो. विद्यार्थी तासानंतर निघून जातात. फ्यूम हूड चालू आहे का, हातमोजे व डोळ्यांचे चष्मे पुरेसे आहेत का, वापरलेली रसायने नळात ओतली जात नाहीत ना, या गोष्टी विभाग स्तरावरच पाहाव्या लागतात.

अडीअडचणीचे साहाय्य : महाराष्ट्रात कर्मचाऱ्याचा सर्वांत जवळचा आधार म्हणजे सेवकांची सहकारी पतसंस्था. मुलीचे लग्न, घराची दुरुस्ती, आईचे ऑपरेशन यांसाठी बँकेआधी तिच्याकडे धाव घेतली जाते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाच्या लेखी संमतीने कर्जाचा हप्ता पगारातून परस्पर कापता येतो. त्यामुळे तारणाऐवजी सहकाऱ्यांच्या जामिनावर कर्ज मिळते. पण कपात होण्यासाठी नियमित पगार लागतो, म्हणून करारावरचा माणूस येथेही बाहेरच राहतो. सेवेत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, तर कुटुंबातील पात्र व्यक्तीला गट क किंवा ड मध्ये अनुकंपा नियुक्ती मागता येते. प्रतीक्षायादी लांब असते. अर्ज, वारसाचा दाखला आणि नामनिर्देशन यांची जुळवाजुळव दुःखात असलेल्या घरच्यांना जमत नाही. तेव्हा विभागातल्या कोणीतरी फाइल हातात घेऊन बसणे हेच खरे साहाय्य ठरते. मानसिक ताणासाठी विद्यापीठांतील समुपदेशन केंद्रे सहसा विद्यार्थ्यांपुरती चालतात. कर्मचाऱ्यांना टेलि-मानसच्या १४४१६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत बोलता येते.

निवृत्ती : शिक्षकेतरांची निवृत्ती ५८ व्या वर्षी, तर शिपाई, परिचर यांसारख्या चतुर्थ श्रेणीची ६० व्या वर्षी होते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुन्या नियमांनुसार निवृत्तिवेतन मिळते. त्यानंतरचे कर्मचारी अंशदायी योजनेत आले. एकाच विभागातील दोन लिपिकांच्या म्हातारपणात पडलेले हे अंतर मार्च २०२३ च्या राज्यव्यापी संपाचे मुख्य कारण होते. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सुरू करावी, असे १९८२ चे निवृत्तिवेतन नियम सांगतात. ग्रंथालय, भांडार व पतसंस्था यांची ना-देय प्रमाणपत्रेही तेव्हाच गोळा करणे बरे. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांची १ जुलैची वेतनवाढ पूर्वी बुडत असे. वर्षभर केलेल्या सेवेची वाढ त्यांना मिळालीच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकातील वीज पारेषण महामंडळाच्या खटल्यात दिला. आपल्या विभागातून जूनअखेर कोण निवृत्त झाले, याची यादी काढून त्यांची प्रकरणे पुढे पाठवणे हे विभागाच्या कार्यालयाच्या हातात आहे.