बेंजो नावाचे जपानी वाद्य

मुंबई-पुण्याकडे, मधल्या मावळातही, गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी वाजते. अमेरिकी बेंजोचे तोंड गोल आणि पातळ पडद्याने मढवलेले असते. आपला बेंजो म्हणजे लांबट पेटी, तिच्यावर पोलादी तारा आणि टंकलेखन यंत्रासारख्या कळा. हे वाद्य मूळचे जपानी. नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ते १९१२ साली घडवले. त्याच वर्षी तैशो राजवट सुरू झाली, म्हणून नाव पडले ‘तैशोगोतो’. भारतात त्याचा बुलबुलतरंग झाला.

कळ दाबली की तारेची कंप पावणारी लांबी घटते आणि स्वर चढतो. पण आवाज नाजूक; ढोल-ताशापुढे तो टिकणार कसा? इथे अमेरिकी गिटारची युक्ती कामी आली. तिकडे १९३०च्या दशकात तारांजवळ चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, म्हणजे पिकअप, बसवू लागले. पोलादी तार हलली की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलते व त्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलेले हेच प्रवर्तन. नायलॉनची तार लावा, पिकअप मुका!

जपानी कारखान्यांनी १९७०च्या दशकात अमेरिकी गिटारींच्या हुबेहूब नकला केल्या. त्यावरून १९७७ मध्ये अमेरिकेत दावाही लागला. फेंडर कंपनीने मात्र १९८२ मध्ये जपानी भागीदार घेऊन तिथेच गिटारी करवून घेतल्या. आपल्याकडे असा तंटा झाला नाही. जपानी पेटीला अमेरिकी पिकअप जोडला गेला आणि नाव मिळाले तिसऱ्याच वाद्याचे. मिरवणुकीतला तो आवाज नागोयाच्या माणसाला ओळखू येईल का, शंकाच आहे.