मिस्त्री आणि बिगारी : दोन शब्दांची कुळकथा

भिंतीला चीर गेली, मोटार बंद पडली की आपल्या तोंडात पहिला शब्द येतो, "मिस्त्रीला बोलवा." हा शब्द मूळचा आपल्याकडचाच, असं पुष्कळांना वाटतं. पण तो पोर्तुगीज 'मेस्त्रे'. अर्थ, कसबात मुरलेला उस्ताद. इंग्रजीतला 'मास्टर' त्याचाच भाऊबंद, म्हणजे मिस्त्री आणि शाळेतले मास्तर एकाच घरचे! पोर्तुगीज गोव्यात, चौल-वसईत राहिले, त्यांच्याकडून पगार, चावी, घमेलं हे शब्दही आले. कोकणात मेस्त्री आडनावच झालं. आमच्या उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदरानं घेतात.

आपले जुने शब्द वेगळे आहेत. कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, चर्मकाराचा चांभार. 'कार' म्हणजे करणारा. शब्द कामाचा, पण पुढे तो जन्माला चिकटला. सुताराच्या पोराला रंधा धरता आला नाही तरी तो सुतारच, आणि महाराच्या पोरानं कितीही सफाईनं रंधा मारला तरी तो सुतार नव्हे. महाराच्या वतनात सांगतील ते काम, निरोप पोचवण्यापासून मेलेलं ढोर ओढण्यापर्यंत. तथागतांनी वासेट्ठ सुत्तात कारागीर हा कामानं ओळखला, जातीनं नाही. त्यांना शेवटचं भोजन देणारा चुंद हा 'कम्मारपुत्त', धातुकाम करणाऱ्या घरचा.

मिस्त्री शब्दाला मात्र जात नव्हती. हाताला येईल तो मिस्त्री. मग आपले लोक मिस्त्री का झाले नाहीत? आम्ही गिरणीत राबणारे, म्हणून गिरणीचंच सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा विटाळ इतर कामगारांना चालत नसे. मालकांचं सोडा, हे आडवे आले ते कामगारबंधूच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत ते पुन्हा त्यावर बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं त्यांनी सांगितलं ते याच परिषदेत.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली शाहू मिलचा पाया घातला. अस्पृश्यांना माहूत, गाडीवान नेमलं आणि १९१८ ला महारवतन रद्द केलं. ती मिल २००३ साली बंद पडली.

आता दुसरा शब्द. बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली असतो तो बिगारी. हा फारसी 'बेगार' मधला, म्हणजे बिनमोबदला, जबरीचं काम. वेठबिगार तीच. आज बिगाऱ्याला मजुरी मिळते, पण नाव तेच राहिलं, आणि मजुरीही मिस्त्रीपेक्षा पुष्कळ कमी. वस्तीतली पोरं आयटीआयला जातात, फिटर-टर्नर होतात, ते चांगलंच आहे. तरी एकदा कुठल्याही साईटवर जाऊन उभं राहा, थापी कुणाच्या हातात आहे आणि घमेलं कुणाच्या डोक्यावर, ते मोजा.