तिसऱ्या बॅकची कुळकथा

मावळात फुटबॉल पाहणाऱ्यांची वस्ती विरळ, पण चिवट आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव अशा लोकलच्या वाटेवर प्रत्येक स्टेशनात चार-दोन जण तरी भेटतात, ज्यांना मध्यरात्रीनंतर संपलेल्या इंग्लंडातल्या सामन्याचा हिशेब सकाळच्या गाडीत मांडल्याशिवाय चैन पडत नाही. गोल कुणी मारला हे दोन मिनिटांत उरकतं. खरी खडाजंगी होते ती मागच्या लोकांवरून. मागे पाच कशाला ठेवले? दोन स्टॉपर पुरेसे होते की! त्याला बसवून ह्याला का खेळवला? आणि शेवटी ठरलेला निकाल: कोच भित्रा.

हा निकाल मला कधीच पटलेला नाही. मागे माणूस वाढवणं ही भित्र्यांची युक्ती असती, तर ती सगळ्यांत नेटाने राबवणाऱ्या संघाने एका मोसमात १२७ गोल मारलेच नसते. हाफच्या ओळीतून मागे सरकून दोन बॅकांच्या मधोमध उभा राहिलेला तो तिसरा बॅक, म्हणजे आपला स्टॉपर. तो कुठून आला आणि आपल्याकडे इतक्या उशिरा का पोचला, हे एकदा नीट सांगायला हवं.

बोरघाटातून आगगाडी सुरू झाली २१ एप्रिल १८६३ रोजी. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला लंडनमध्ये काही क्लबांचे लोक एकत्र जमले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. तेव्हाच्या खेळात बचाव हा प्रकार जवळजवळ नव्हताच. चेंडूच्या पुढे उभं राहणं हाच गुन्हा, त्यामुळे पास पुढे देताच येत नसे. एकाने चेंडू घेऊन धावायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे झुंड करून पळायचं. १८६६ साली नियम सैलावला: आपल्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असतील तर पुढे उभं राहायला हरकत नाही. पुढची साठेक वर्षं फुटबॉलचा बचाव या तीनच्या आकड्यावर उभा होता.

३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. दोन्ही संघांत फॉरवर्डांचीच गर्दी. इंग्लंडचे तर सात-आठ जण पुढे होते, असं सांगतात. निकाल लागला ०-०. पुढे माणसं वाढवली की गोल वाढतात असं मानणाऱ्यांनी हा निकाल जरूर ध्यानात ठेवावा.

त्यानंतर मांडणी हळूहळू बसत गेली: दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. मधला सेंटर हाफ हा त्या संघाचा राजा. चढाईतही तोच आणि बचावातही तोच. गोऱ्या पलटणींबरोबर फुटबॉल आपल्याकडे आला तो हीच मांडणी घेऊन. मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला १८९१ साली आणि पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. पुढे कूपरेजच्या मैदानावर या स्पर्धेने मुंबईला फुटबॉलचं वेड लावलं. १९२३ साली मोहन बागानचा संघ इथे अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून १-४ असा हरला. गोष्ठ पाल हा त्या बागानचा बॅक. त्याला लोक ‘चीनची भिंत’ म्हणत. बुटातल्या सोजिरांसमोर तो अनवाणी उभा राहायचा, आणि त्याच्या जोडीला मागे एकच बॅक असायचा. दोन माणसांत अख्खं मैदान सांभाळायचं, आणि त्यालाच बॅक म्हणायचं.

दोघांना ते जमायचं कसं? तर त्या तीनच्या नियमामुळे. गोली आणि दोन बॅक मिळून तीन होतात. एक बॅक चार पावलं पुढे सरकला की मागे उरले दोन, आणि समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड. अंदाज चुकलाच, तर दुसरा बॅक मागे आहेच. न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनने ही चाल इतकी घासूनपुसून पक्की केली होती, की सामने सारखे शिट्टीवर थांबू लागले. प्रेक्षक कंटाळले, गोल आटले. शेवटी १९२५ च्या उन्हाळ्यात नियम बदलला आणि तीनाचे दोन झाले. आता बॅक पुढे सरकला आणि चुकला, की फॉरवर्डसमोर उरायचा फक्त गोली. इंग्लंडच्या पहिल्या विभागात आदल्या मोसमात ११९२ गोल झाले होते, नव्या नियमाच्या पहिल्याच मोसमात १७०३ झाले. सामने तेवढेच, ४६२.

तिसरा बॅक जन्माला आला तो या पुरात. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी आर्सेनल न्यूकॅसलमध्ये ०-७ हरलं. हर्बर्ट चॅपमन त्याच मोसमात आर्सेनलचा मॅनेजर झाला होता, आणि त्याने सुंदरलंडहून आणलेला चार्ली बकन हा अनुभवी फॉरवर्ड मैदानात होता. न्यूकॅसलचा सेंटर हाफ त्या दिवशी मागेच राहून खेळला हे बकनने पाहिलं. आपला सेंटर हाफही मागे घ्या, हा त्याचा आग्रह होताच. चॅपमनने तो मानला. दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमला ४-० हरवलं. असा प्रयोग इतरही काही संघ करून पाहत होते, पण तो तडीस नेऊन त्याची पद्धत बनवली ती चॅपमनने. पुढे त्या जागी हर्बी रॉबर्ट्स आला. उंच, शांत, जागा न सोडणारा. लोक त्याला ‘पोलिसमन’ म्हणू लागले.

राजाचा पोलीस झाला, खेळाची मजा गेली, असं म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण चॅपमनचा हिशेब निराळा होता. रॉबर्ट्स जागेवर आहे म्हणून दोन्ही बॅक कडेला पसरू शकत होते. बॅक कडेला आहेत म्हणून हाफ मोकळे होत होते. आणि ॲलेक्स जेम्सने मागे येऊन चेंडू उचलला, की एका लांब पासात तो कडेच्या फॉरवर्डांपर्यंत पोचत होता. १९३०-३१ मध्ये आर्सेनलने ४२ सामन्यांत १२७ गोल मारून विजेतेपद घेतलं. वर म्हटलेले १२७ ते हेच. मागचा एक माणूस पक्का केल्यावर पुढच्यांचं काय करायचं याचं उत्तर चॅपमनकडे होतं, आणि त्याचं मोठेपण मला तिथे दिसतं.

आपल्याकडे मात्र दोन बॅकांवर श्रद्धा कायम राहिली. अनवाणी, चपळ, पायात चेंडू खेळवणारा खेळ आपल्याला आवडत होता आणि घरच्या मैदानांवर तो पुरतही होता. हिशेब चुकता झाला १५ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकीत. ऑलिंपिकमध्ये भारतासमोर युगोस्लाव्हिया होता, पुढे त्या स्पर्धेचं रौप्यपदक घेणारा संघ. शैलेन मन्ना कप्तान. थंडी, परकं मैदान, आपले बहुतेक जण अनवाणी, आणि मागे दोन बॅक. निकाल १-१०. आपला एकमेव गोल अहमद खानचा. त्यानंतर बूट सक्तीचे झाले हे सगळ्यांना माहीत असतं. पण बुटांइतकाच त्या दिवशी मागच्या तिसऱ्या माणसाचाही प्रश्न होता, हे क्वचित सांगितलं जातं.

तो सोडवला सय्यद अब्दुल रहीम यांनी. हैदराबादचे हे शाळामास्तर हेलसिंकीतही संघाबरोबर होते. आपल्या हैदराबाद पोलीस संघाला त्यांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकून दिला, म्हणजे मुंबईकरांनी रहीमसाहेबांचं काम कूपरेजवर वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलं. चेंडू अडवून ठेवू नका, द्या आणि पळा, ही त्यांची शिकवण. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपर्यंत भारताच्या मागच्या फळीची फेरमांडणी झाली होती. १ डिसेंबरला आपण यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. त्यात तीन गोल नेव्हिल डिसूझाचे, मूळ गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानांवर घडलेला फॉरवर्ड. भारत चौथा आला. म्हणजे इथेही तेच घडलं: मागची बाजू घट्ट झाली आणि पुढच्याची हॅटट्रिक निघाली.

१९५८ चा विश्वचषक ब्राझीलने मागे चार ठेवून जिंकला. त्यात स्टॉपर एकाचे दोन झाले. रहीमसाहेबांनी ते लगेच उचललं. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत जर्नेल सिंग आणि अरुण घोष अशी जोडी मागे होती. आता संघनिवडीवरून वाद घालणाऱ्या प्रत्येकाने पुढचा प्रसंग नीट पाहावा. थायलंडविरुद्ध जर्नेलचं डोकं फुटलं, सहा टाके पडले. आज कुणीही त्याला बसवला असता. रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य सामन्यात खेळवला, तोही मागे नाही, थेट सेंटर फॉरवर्ड म्हणून. त्याने गोल मारला आणि दक्षिण व्हिएतनामवर ३-२ विजय मिळाला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पुन्हा तेच. हाय हाय करणारं प्रचंड मैदान, डोक्याला पट्टी, आणि पी. के. बॅनर्जींच्या जोडीला जर्नेलचा गोल. २-१, सुवर्णपदक. गोलमध्येही बदल होता: उंचापुरा थंगराज आत आला होता. मुंबईत टाटांकडून खेळणारा गोव्याचा फॉर्च्युनॅटो फ्रँको त्याच संघात हाफ होता. आशियातला सर्वोत्तम स्टॉपर पुढे पाठवायला जो विश्वास लागतो, तो मागे अरुण घोष उभा आहे म्हणून आला. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने गेले.

युरोपात याच घराण्याची आणखी एक शाखा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये कोच असलेल्या कार्ल रापानने बॅकांच्याही मागे एक मोकळा माणूस ठेवला आणि हेलेनियो हेरेराच्या इंटर मिलानने त्याच्या जोरावर १९६४ आणि १९६५ चे युरोपियन कप नेले. ‘बस लावली’ ही शिवी तर अगदी अलीकडची, २००४ साली टॉटनहॅमविरुद्धच्या ०-० सामन्यानंतर चेल्सीच्या मोरिन्योने जगाला दिलेली. पुढे ती त्याच्याच नावाला चिकटली.

आमच्या भागाला मोठा फुटबॉल जवळून दिसला तो बालेवाडीमुळे. पुणे एफसी २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये आली आणि २०१२-१३ मध्ये डेरिक परेरांच्या हाताखाली उपविजेती ठरली. घाटाखालून आणि मावळातून पोरं सामन्यांना जायची. तिथे पैसे वसूल करणारी गोष्ट होती अनस एडाथोडिका. हा स्टॉपर टॅकल फार कमी करायचा, कारण त्याला गरजच पडायची नाही. समोरचा फॉरवर्ड वळण्याआधीच हा अर्धं पाऊल आडवा झालेला असायचा. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. मैदानावर बसून एकट्या स्टॉपरवर नजर ठेवली तरच कळतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर बसणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. तिथे पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले, की बॅक कुठे उभा आहे यावर अख्खी पेठ बोलते.

अनसची आठवण निघाली की शारजाही निघतंच. १४ जानेवारी २०१९, आशियाई चषक, समोर बहरीन. बरोबरी झाली तरी भारत बाद फेरीत. पहिल्या काही मिनिटांतच अनस जखमी होऊन बाहेर गेला. उरलेला सगळा वेळ आपण चेंडू अंगावर घेत राहिलो आणि ९० मिनिटं संपल्यावर पेनल्टीवर हरलो, ०-१. कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. भित्रा म्हणणारे त्या दिवशी देशभर होते. माझं म्हणणं वेगळं आहे. बचाव करायचं ठरवलं यात गैर काही नव्हतं. पण बचावातून सुटलेला चेंडू घेऊन पुढे जाणारा ॲलेक्स जेम्स त्या मांडणीत नव्हता. चेंडू मागून सुटायचा आणि लगेच परत यायचा. नव्वद मिनिटं असं कुठल्याच बॅकला झेपत नाही.

आता संघ खालिद जमील यांच्याकडे आहे. मुंबई एफसीला तुटपुंज्या साधनांत वर्षानुवर्षं वरच्या विभागात टिकवून धरणारे आणि २०१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून देणारे हे कोच मागून सुरुवात करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सूत्रं हाती घेतल्यावर पहिलाच सामना त्यांनी ताजिकिस्तानात २-१ जिंकला, आणि दोन्ही गोल स्टॉपरांचे होते: अन्वर अली आणि संदेश झिंगन. मग ऑक्टोबर आला. सिंगापूरमध्ये झिंगनला लाल कार्ड मिळालं आणि पाच दिवसांनी मडगावच्या परतीच्या सामन्याला तो मुकला. भारत पुढे असूनही तो सामना १-२ हरला आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. झिंगनच्या जागी कोण, यावर लोक तावातावाने भांडले. पण भांडायला घेतलेली नावं दोन-तीनच होती. एवढ्या मोठ्या देशात विश्वासाने मागे उभा करावा असा माणूस शोधायला बोटंसुद्धा पुरून उरतात.

याचं कारण मला मावळातल्या खाचरांत दिसतं. भातकापणी झाली की धसकटं तुडवून पोरं मैदान करतात. चांगला खेळतो तो फॉरवर्ड. जो लहान, जाड किंवा उशिरा आलेला, तो बॅक. शाळेच्या संघातही हेच चालतं. मुंबईच्या राहुल भेकेने १७ मार्च २०१९ ला ११७ व्या मिनिटाला हेडर मारून बंगळुरूला आयएसएल जिंकून दिली, तीही मुंबईतच, आणि तो बॅक आहे, हे या पोरांना कुणी सांगत नाही. पंधरा वर्षांच्या उंच, शांत डोक्याच्या पोराला सरांनी सांगावं की तू उद्यापासून मागे खेळ, तर दुसऱ्या दिवशी वडील येऊन विचारतात, सर, आमच्या पोराचं काही चुकलं का?