नांदूर-मध्यमेश्वर येथील एक सकाळ

निफाडची थंडी महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. पौषातील एखाद्या पहाटे त्या तालुक्यातील द्राक्षबागांवर दव गोठू लागलेले असते, आणि नेमक्या अशाच वेळी नाशिकहून आलेला एखादा नवशिका पक्षिनिरीक्षक गळ्यात दुर्बीण अडकवून चापडगावाजवळ पाण्याच्या काठी येऊन उभा राहतो. समोर धुक्यावाचून काही दिसत नाही. धुक्याआडून आवाज मात्र येत असतात. कुठे पंखांची फडफड, कुठे कुणी बुडी मारल्याचा हलकासा नाद, कुठे लव्हाळ्यातील कुजबूज. मनुष्याची वस्ती मागे टाकून सृष्टीच्या मूळ रूपापाशी आपण येऊन पोचलो, असे त्याला वाटते. ही समजूत अत्यंत स्वाभाविक आहे, आणि ती साफ चुकीची आहे. समोरचे पाणी मनुष्याने अडविलेले आहे, आणि तेही पक्ष्यांसाठी खास नव्हे.

एकोणिसावे शतक संपता संपता, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षी, दख्खनवर दोन मोठे दुष्काळ कोसळले. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस कोसळावा आणि त्याच्या पूर्वेस पन्नास-साठ मैलांवर पिके करपून जावीत, हे या प्रदेशाचे जुनेच दुर्दैव होय. त्यावर उपाय म्हणून कालव्यांच्या ज्या योजना पुढे आल्या, त्यांत गोदावरीचे कालवे प्रमुख होते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी, मध्यमेश्वराच्या जुन्या देवळाजवळ, १९११ च्या सुमारास बंधारा उभा राहिला. वर इगतपुरीकडे दारणा धरण १९१६ साली पुरे झाले. योजना सरळ होती. पावसाचे पाणी दारणेत साठवावे, हंगामात ते नदीवाटे खाली सोडावे, आणि नांदूर येथे अडवून डाव्या व उजव्या कालव्यांत वळवावे. कोपरगाव आणि राहाता या बाजूचा ऊस याच पाण्यावर वाढला.

परंतु नदी एकटे पाणी आणीत नाही. दोन्ही नद्या वरच्या काळ्या रानांतील माती घेऊन येतात, आणि बंधाऱ्याशी वेग मंदावला की ती तेथेच टाकून देतात. वर्षामागून वर्षे गाळ साचत गेला. पाणी उथळ झाले, मध्येच बेटे वर आली, बेटांवर पाणकणीस आणि लव्हाळे माजले. इंजिनियरच्या हिशेबात ही निव्वळ तूट होती. पक्ष्यांच्या हिशेबात मात्र ते वैभव ठरले. टिबुकलीला बुडी मारण्यापुरते पाणी लागते, शेकाट्याला घोटाभर पुरते, तुतवाराला तर नुसता ओला चिखल हवा. आणि हे सारे येथे एकाच आवारात मिळू लागले. कालव्याला आवर्तन सुटले की पाणी वरखाली होते, चिखलाचे नवे पट्टे उघडे पडतात, आणि त्यांवर किड्यांची मेजवानी मांडली जाते. धरण जसजसे निकामी होऊ लागले, तसतसे पक्ष्यांचे राज्य वाढत गेले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

धुके विरळ होते तेव्हा सूर्य पाठीशी घेऊन उभे राहावे, हा पहिला धडा नवशिक्याला त्याचे सोबती देतात. सूर्य समोर असला तर सारे पक्षी काळेच दिसतात. दुसरा धडा असा की पुस्तक लगेच उघडू नये. आधी पक्षी पाहावा: तो चालतो कसा, शेपटी हलवितो की नाही, पाण्यावर त्याची बैठक कशी आहे. या बाबतीत मराठी भाषेने निम्मे काम आधीच करून ठेवले आहे. सर्वांग काळे आणि कपाळी पांढरा टिळा, तो वारकरी. चोचीच्या टोकाशी पिवळे आणि मुळाशी तांबडे, ते हळदीकुंकू बदक. शेपूट सारखे वरखाली आपटणारा तो धोबी, आणि फावड्यासारख्या चोचीचा तो थापट्या. ही नावे कुणा पंडिताने बसविलेली नव्हेत; पाण्याकाठी जगणाऱ्यांच्या नजरेने ती दिली. अशी नावे वनवासी आणि कोळी बांधवांकडून वेचून 'पक्षीकोश' सिद्ध करणारे वनाधिकारी मारुती चितमपल्ली २०२५ साली निवर्तले. तांबूस रंगाची एक जोडी दूरच्या बेटावर दिसते, तो चक्रवाक. संस्कृत कवींनी त्याला रात्रीच्या विरहाचा शाप दिला. खरोखरी हा पक्षी लडाख-तिबेटच्या पठारावर संसार मांडतो, आणि हिवाळ्यापुरता येथे उतरतो.

दुर्बिणीने पक्षी ओळखण्याची ही रीत तशी अलीकडची आहे. गेल्या शतकापूर्वीचा अभ्यासक बंदूक घेऊनच निघत असे, कारण पक्षी हाती आल्यावाचून त्याची जात निश्चित होत नसे. ॲलन ह्यूम याने जमविलेली कातडी आणि अंडी ऐंशी हजारांच्या आसपास होती. सिमल्यास त्याची हस्तलिखिते रद्दीच्या भावाने बाजारात विकली गेली, तेव्हा विषण्ण होऊन त्याने १८८५ साली तो संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेस भरली, आणि इतिहासाला ह्यूम आठवतो तो त्या कारणाने. सालिम अली यांचाही आरंभ छऱ्याच्या बंदुकीनेच झाला. लहानपणी पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी कोणती, हे विचारण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथून परतलेच नाहीत म्हणावयाचे. त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ साली निघाले. त्यानंतर सामान्य गृहस्थाला घराबाहेर पडून, कुणाचाही जीव न घेता, पक्षी ओळखणे शक्य झाले.

नांदूर-मध्यमेश्वरला लोक महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. हे नाव गौरवाचे खरे, पण त्या भरतपूरचा इतिहास जाणून ते घ्यावे. तेही पाणी बांध घालून अडविलेलेच. तेथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळ्याने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. पुढे शिकार थांबली आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले; पण त्याबरोबर आसपासच्या गावांची गुरे आत चारण्यास बंदी आली, दंगा झाला, पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मृत्युमुखी पडले. आणि यानंतरची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. म्हशी गेल्या तसे गवत माजले, उघडे पाणी आक्रसले, आणि चराई बंद केल्याने पक्ष्यांचेच नुकसान झाले, असा निष्कर्ष सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून निघाला.

नांदूर येथे १९८६ साली सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. पाणथळ जागांविषयीचा जो आंतरराष्ट्रीय करार १९७१ साली इराणातील रामसर गावी झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातून पहिले नाव याच स्थळाचे लागले. ही वार्ता २०२० च्या जानेवारीत जाहीर झाली. परंतु याच गाळाने वरच्या गावांना धाकही घातला आहे. २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीला महापूर आला, तेव्हा सायखेडा आणि चांदोरी ही गावे पाण्याने वेढली गेली. गाळ काढा, ही तेथील शेतकऱ्यांची मागणी आहे, आणि ज्याच्या घरात नदी शिरली त्याला ती करण्याचा पूर्ण अधिकार आहे. गाळ सरसकट उपसला तर शेकाट्या आणि तुतवार उभे राहणार कोठे, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. कोठला गाळ काढावा, किती काढावा आणि कोणत्या महिन्यात, हे ठरविण्यास कोणत्या कोपऱ्यात कोणते पक्षी किती उतरतात याची वर्षानुवर्षांची नोंद लागते. आशियातील पाणपक्ष्यांची जानेवारीतील गणना १९८७ पासून सुरू आहे, आणि तिची भिस्त बहुतांशी अशाच हौशी लोकांच्या वह्यांवर आहे.

नऊच्या सुमारास ऊन तापू लागते. बदके बेटाच्या कडेला मान पंखांत खुपसून स्वस्थ बसतात. पलीकडच्या रानात विजेचे पंप सुरू झालेले असतात. एक दलदली घार जाते, म्हणजे नवशिक्याला ती घार वाटते, शेजारचा म्हातारा कोळी जाळे झटकीत म्हणतो, "ती घार न्हाई, भोवत्या हाय." वहीत तोपर्यंत सात नावे उतरलेली असतात. आठव्या ओळीवर तो 'घार' असे लिहितो, खोडतो, 'भोवत्या' लिहितो, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह घालून ठेवतो.