नेमबाजीचे रिव्हॉल्व्हर आणि पाठचिकित्सा

ब्रिटनच्या १९९७ च्या शस्त्रविषयक कायद्यात काही शब्द असे आहेत की ते सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथातून उचलले असावेत असे वाटते. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेत सोळा मुले व त्यांची शिक्षिका यांची हत्या झाली. त्यानंतर पिस्तूल-रिव्हॉल्व्हर खासगीरीत्या बाळगण्यावर तेथे जवळजवळ संपूर्ण बंदी आली. मात्र विशेष दुर्मिळता, सौंदर्यगुण, तांत्रिक वैशिष्ट्य किंवा ऐतिहासिक महत्त्व असलेली काही शस्त्रे ठरावीक ठिकाणी ठेवण्याची मुभा राहिली. १८९० पासून नेमबाजीच्या स्पर्धांसाठी गाजलेले सरे परगण्यातील बिस्ली हे त्यांपैकी एक ठिकाण. ‘ऐतिहासिक महत्त्व’ कशाने सिद्ध होते, हा प्रश्न त्यामुळे संग्राहकांच्या गप्पांपुरता उरला नाही.

स्मिथ अँड वेसनचे ‘न्यू मॉडेल नंबर थ्री’ घेऊ. १८७८ पासून निघालेल्या या रिव्हॉल्व्हरच्या खास नेमबाजीसाठी केलेल्या प्रती ३२-४४ व ३८-४४ या काडतुसांच्या असत. त्या काडतुसात गोळी कवचाच्या तोंडाबाहेर डोकावत नाही. कवचच सिलिंडरभर लांब असते. युद्धाशी या रचनेचा संबंध नाही. कागदावरचे छिद्र हवे तेथे पडावे, एवढाच तिचा हेतू.

अशी प्रत हाती आली की संशोधक जे करतो ते आपल्या पाठचिकित्सेहून फारसे वेगळे नाही. मुठीच्या तळाचा क्रमांक सिलिंडरवर, नळीवर, खिटीवर तोच आहे का, हे तो पाहतो. नसल्यास प्रत मिश्र. घोडा व चाप यांवरही निकेलचा मुलामा असला तर तो मागाहून चढवला असण्याचा संशय येतो, आणि झिजलेल्या अक्षरांच्या कडा तो संशय बळकट करतात. मग कारखान्याच्या जुन्या वह्यांवरून मिळणारा दाखला. त्यात रवानगीची तारीख असते, घडणीची नव्हे. लेखन आणि प्रकाशन यांतले अंतर आपण जाणतोच. पण अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ अखेरपर्यंत घडवलेले शस्त्रच ‘प्राचीन’ ठरते, तेव्हा हे अंतर कायद्याचाही प्रश्न होते.

दंतकथांचा उपद्रव इथेही आहेच. वॉल्टर वायनन्स हा अमेरिकी नेमबाज १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शिल्पकलेचे सुवर्णपदक मिळवणारा विलक्षण माणूस. रिव्हॉल्व्हर-नेमबाजीवर त्याने ग्रंथही लिहिला. असे नाव एखाद्या वस्तूला चिकटले की तिची किंमत वाढणारच. वहीत मात्र बहुधा घाऊक व्यापाऱ्याचे नाव सापडते. ग्राहक कोण, त्याचा नेम कसा होता, याबद्दल वही मुकी. हे मौन कल्पनेने भरणाऱ्यापेक्षा ते तसेच नोंदवणारा संग्राहक आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो.

काही प्रतींवर क्रमांकाशेजारी छोटा तारा उमटवलेला दिसतो. ती प्रत दुरुस्तीसाठी वा नव्या मुलाम्यासाठी कारखान्यात परत आल्याची ती खूण. शुद्धतावादी संग्राहक अशा प्रतीची किंमत कमी करतात. आम्हांस हे पटत नाही. कुणीतरी ती इतकी वापरली की परत पाठवावी लागली, आणि ज्यांनी ती घडवली त्यांनीच तिच्यावर दुसऱ्यांदा हात फिरवला; आवृत्तीच्या अभ्यासकाला याहून बोलका पुरावा कोणता हवा?