सरवा वेचणाऱ्या तिघी : ज्यां-फ्रान्स्वा मिलेचा जीवनपट

ज्वारीची काढणी होऊन कणसे खळ्यावर गेली, की मोकळ्या रानात चुकारीची कणसे मागे राहतात. ती वेचायला बाया येतात. आमच्या बीडकडे याला सरवा वेचणे म्हणतात. भुईमूग निघाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगांचाही सरवा असतो. ज्याचे रान त्याने आपले पीक आधी उचलायचे आणि मगच वेचणारीने आत पाऊल टाकायचे, ही त्यातली अलिखित अट. सरवा वेचणारीला मजुरी नसते. सापडेल तेवढे तिचे.

ज्यां-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराने 1857 साली नेमका हाच विषय कॅनव्हासवर आणला. आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असलेल्या त्या चित्रात गहू कापून झालेल्या रानात तीन बाया आहेत. दोघी पार कमरेत वाकलेल्या, तिसरी अर्धवट ओणवी. डोक्याला फडकी, कमरेला खोचलेली ओटी. चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांच्या मागे दूरवर उन्हात न्हालेल्या गंज्या, भरलेली गाडी, कापणीवाल्यांची लगबग आणि उजव्या कोपऱ्यात घोड्यावर बसलेला एक देखरेख्या. सुगी सगळी मागे आहे, पुढे फक्त सरवा. चित्र तीन-साडेतीन फूट रुंद. तरीही त्या तिघी पुतळ्यांसारख्या भरीव वाटतात. राजे, देव आणि सेनापती यांच्यासाठी राखून ठेवलेला हा भारदस्तपणा मिलेने सरवा वेचणाऱ्या बायांना दिला, आणि त्याच्यावरचा राग इथूनच सुरू झाला.

मिलेचा जन्म 4 ऑक्टोबर 1814 रोजी नॉर्मंडीच्या समुद्रकाठी, शेरबुर्गजवळच्या ग्रुशी या वस्तीत झाला. घर शेतकऱ्याचे, आजी कमालीची धर्मनिष्ठ. थोरला मुलगा म्हणून नांगरणी, पेरणी, कापणी सगळे त्याच्या हातून गेले होते. गावच्या पाद्र्यांकडून तो लॅटिन शिकला. बायबल आणि व्हर्जिल ही त्याची आयुष्यभराची पुस्तके. मुलाचा हात चित्रात चालतो हे ओळखून वडिलांनी त्याला 1833 साली शेरबुर्गला एका व्यक्तिचित्रकाराकडे धाडले. दोनच वर्षांत वडील वारले. थोरल्याने शेत सांभाळायचे, ही रीत मोडून आजीने त्याला पुन्हा चित्रांकडे पाठवले, असे त्याचा मित्र आणि चरित्रकार आल्फ्रेड सांसिए लिहितो.

1837 मध्ये शेरबुर्गकरांची शिष्यवृत्ती घेऊन तो पॅरिसला गेला आणि पॉल दलारोशच्या हाताखाली शिकू लागला. दोन वर्षांनी शिष्यवृत्ती थांबली. पुढची वर्षे पोटासाठी माणसांचे चेहरे आणि विकली जातील अशी गोंडस चित्रे काढण्यात गेली. 1841 साली लग्न झाले. तीनच वर्षांत, 1844 मध्ये, पत्नी पोलीन क्षयाने गेली. पुढे कातरीन लमेर ही त्याची सोबतीण झाली. त्यांना नऊ मुले झाली.

1848 च्या क्रांतीने त्याला वाट मोकळी करून दिली. त्या वर्षीच्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनात, त्याने धान्य पाखडणारा गडी मांडला आणि नव्या सरकारने तो विकत घेतला. पुढच्याच वर्षी तो कुटुंबासह फाँतेनब्लो जंगलाच्या कडेला असलेल्या बार्बिझाँ गावी गेला आणि युद्धकाळातील काही महिने सोडले तर मरेपर्यंत तिथेच राहिला. थेओदोर रुसोसारखे निसर्गचित्रकार त्या गावात होतेच. त्यांना झाडे आणि आभाळ रंगवायचे होते, मिलेला माणूस. तो रानात फिरायचा, पाहायचा, आणि घरी येऊन बहुतांशी आठवणीतून रंगवायचा. त्यामुळे त्याच्या चित्रांत बारकावे कमी आणि अंगाची ठेवण अचूक असते. ओझे उचलताना पाठ कशी वळते, हे ज्याने स्वतः ओझे उचलले त्यालाच असे आठवते.

बार्बिझाँमधले पहिले मोठे चित्र ‘पेरणारा’. आपल्याकडे चाड्यावर मूठ धरून तिफणीने पेरतात. हा फ्रेंच शेतकरी झोळीतले बी मुठीने फेकत उतारावरून झपाझप येतो. पुढे व्हॅन गॉगने या चित्राचा ध्यासच घेतला. 1853 साली कापणीवाल्यांच्या विसाव्याच्या चित्राला पदक मिळाले. त्याची कल्पना बायबलमधल्या रूथ आणि बवाजच्या कथेवरून सुचलेली होती. रूथ ही परक्या मुलखातून आलेली विधवा. मराठी बायबलमध्येही ती ‘सरवा’च वेचते. शेताच्या कडा कापू नका, सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा, अशी आज्ञा त्या ग्रंथात आहे. फ्रान्समध्ये हा हक्क कायद्यानेही मानला होता, पण बेड्या घालून: पीक पूर्ण उचलल्यावरच वेचायचे आणि सूर्य वर असेतो वेचायचे. चित्रातला घोडेस्वार दूर असला, तरी त्या बेड्यांची आठवण करून देतो.

1857 च्या सलोंमध्ये तिघी लोकांपुढे आल्या. क्रांतीला नऊच वर्षे झाली होती. एका समीक्षकाला त्या दारिद्र्याच्या नियतीदेवता वाटल्या, तर दुसऱ्याला त्यांच्या मागे जुन्या क्रांतीतले भाले आणि वधस्तंभ दिसले. चित्रात ना मूठ आवळलेली, ना घोषणा. केवळ तीन वाकलेल्या पाठी पाहून सुखवस्तू माणसाला भीती वाटली.

इथे आपल्या परंपरेची आठवण होते. रानात पडलेले दाणे आणि कणसे वेचून जगणे याला संस्कृतात उंछवृत्ती म्हणतात. मनुस्मृतीने ब्राह्मणाच्या उपजीविकांमध्ये तिला सर्वांत वर ठेवले. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातली मुंगसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कुरुक्षेत्रातल्या एका उंछवृत्ती ब्राह्मणाने दुष्काळात आपल्या कुटुंबाच्या तोंडचे सातू अतिथीला दिले, आणि युधिष्ठिराचा अश्वमेध त्या दानापुढे फिका ठरला. म्हणजे सरवा वेचण्यात पावित्र्य आहे हे आपल्याला माहीत होते. मात्र ते पावित्र्य निवड म्हणून वेचणाऱ्या तपस्व्याला मिळाले. गरजेपोटी वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला ते आले नाही. मिलेने नेमके तिथे बोट ठेवले. त्याच्या तिघी व्रतस्थ नाहीत, भुकेल्या आहेत, आणि तरी मानाच्या धनी आहेत.

1863 मध्ये कुदळीवर रेलून श्वास घेणाऱ्या, कष्टाने पिचलेल्या माणसाचे चित्र त्याने मांडले, तेव्हा टीका आणखी वाढली. लोक त्याला समाजवादी म्हणू लागले. उत्तरादाखल सांसिएला लिहिलेल्या पत्राचा आशय असा की, रानातली फुले आणि सूर्य मलाही दिसतात, पण सकाळपासून धापा टाकत खडकाळ जमीन खणणारा माणूसही मला दिसतो. तो कोणत्या पक्षाचा नव्हता. 1867 च्या विश्वप्रदर्शनानंतर मानमरातब आले, पुढच्या वर्षी ‘लेजियों दनर’ हा किताबही. तोवर शरीर थकले होते. 20 जानेवारी 1875 रोजी बार्बिझाँमध्ये त्याचे निधन झाले.

त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. उठाव नगर जिल्ह्यातही पसरला. शेजारचे बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. 1883 साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. मिलेचा या घटनांशी संबंध नाही. पण त्याने जी पाठ रंगवली, तिच्यावर कोणाचे ओझे होते ते इथे शब्दांत आणि जाळात दिसले. आपल्याकडे चित्रकाराच्या नजरेने हा विषय मोठ्या ताकदीने आला तो 1925 साली, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात. जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा. तो शेतकरी तरुण व्ही. शांताराम यांनी उभा केला होता.

आता मिलेच्या चित्रांच्या किमतीकडे पाहू, कारण त्याच्या चरित्राचा शेवट तिथे आहे. तिघींच्या चित्राला त्याने चार हजार फ्रँक मागितले आणि तीन हजारांवर समाधान मानले. 1889 साली ते चित्र तीन लाखांना गेले, म्हणजे शंभरपट. शॅम्पेनच्या व्यवसायातल्या मादाम पोमेरी यांनी ते घेऊन राष्ट्राला दिले, हे बरे झाले. त्याच 1889 साली त्याचे दुसरे गाजलेले चित्र ‘आंजेल्युस’ लिलावात निघाले. बटाटे काढताना संध्याकाळची घंटा ऐकून प्रार्थनेला थांबलेले एक जोडपे त्यात आहे. एका अमेरिकनाने ते काढून घेतले आणि न्यायला आलाच नाही. तेव्हा ते हजारभर फ्रँकांत गेले होते. लिलावात बोली साडेपाच लाखांवर गेली. कातरीन तेव्हा हयात होती. चित्र नवऱ्याचे, पण वाढलेल्या किमतीवर तिचा कायद्याने काहीही हक्क नव्हता.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पिकवणारा नडीच्या वेळी विकतो आणि भाव पुढे दुसऱ्याच्या गोदामात वाढतो. फ्रान्समध्ये या लिलावाची आठवण लोकांच्या मनात राहिली. 1920 साली तिथे कायदा झाला आणि चित्र पुन्हा विकले गेले की चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळू लागला. भारताच्या कॉपीराइट कायद्यातही 1994 च्या दुरुस्तीने कलम 53 अ आले. दहा हजार रुपयांवरच्या पुनर्विक्रीत कलावंताचा वाटा त्यात मान्य झाला आणि त्याची कमाल मर्यादा दहा टक्के ठरली. कलावंताच्या सरव्याला असा हक्क मिळाला.

रानातल्या सरव्याचे मात्र तसे झाले नाही. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बीडच्या गावोगावची माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघालेली असतील. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ अशी त्यांची मोजदाद होते. ऊस कारखान्यात जातो. फडात उरलेल्या शेंड्यांना वाढे म्हणतात. ते बैलांना घालायचे, उरले तर विकायचे, ही त्यांची वरकड कमाई. फडातली बाई वाढ्यांची मोळी बांधायला वाकते, तेव्हा मिलेच्या तिघींत चौथी येऊन मिळते. मागे भरलेली गाडी इथेही आहे आणि देखरेख करणाराही. मिलेने त्या तिघींना चित्राच्या पुढच्या बाजूला आणले. आपल्याकडे ही चौथी अजून मागच्या धुरकट रेषेतच उभी आहे.